मॅनेजरमधला हात

सहावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीला स्पेलिंग पाठ करण्याची एक युक्ती कोणीतरी शिकवली आहे: मोठ्या शब्दात दडलेला छोटा शब्द शोधायचा आणि त्याच्या आधाराने मोठा लक्षात ठेवायचा. गेल्या रविवारी तिने एम, ए, एन ही अक्षरे लागोपाठ येणारे इंग्रजी शब्द वहीत एकाखाली एक लिहिले, प्रत्येकातल्या ‘मॅन’भोवती लाल पेनाने गोल केला आणि विचारले, “मामा, मॅनेजरमध्ये मॅन आहे, तर मग आई मॅनेजर कशी?”

मॅनेजरमध्ये पुरुष नाही, हात आहे. लॅटिनमध्ये हाताला ‘मानुस’ म्हणतात (आपल्या ‘माणूस’शी त्याचा संबंध नाही, कानाला मात्र चकवा बसतो), इटालियनमध्ये त्याचे ‘मानो’ झाले, आणि त्यावरून घोडा हाताळण्यासाठी जे क्रियापद आले, त्यातून इंग्रजीतले ‘मॅनेज’ निघाले. आपण ‘हाताळणे’ म्हणतो, त्यातही हातच आहे. ‘मॅन्युस्क्रिप्ट’ आणि ‘हस्तलिखित’ यांची घडण तर तंतोतंत सारखी. ‘मॅन्युफॅक्चर’ म्हणजे मुळात हाताने घडवणे. आज तो शब्द यंत्रांच्या कारखान्याला लावला जातो, हे वेगळे. सर्वांत गंमत वाटली ती खताला म्हणतात त्या ‘मॅन्युअर’ची: हाताने काम करणे, जमीन कसणे, आणि पुढे त्या जमिनीत घालायचे शेणखत, असा त्याचा प्रवास असून लष्करी डावपेचांचा ऐटबाज ‘मनूव्हर’ हा त्याचा सख्खा भाऊ आहे.

‘वूमन’मध्ये मात्र खरोखरच ‘मॅन’ आहे. फक्त तो पुरुष नाही. जुन्या इंग्रजीत ‘मान’ म्हणजे मनुष्य, मग तो स्त्री असो वा पुरुष. पुरुषासाठी ‘वेर’ आणि स्त्रीसाठी ‘वीफ’ असे निराळे शब्द होते. ‘वीफमान’ म्हणजे स्त्री-मनुष्य, आणि त्याचेच झिजून ‘वूमन’ झाले. ‘वेर’ पुढे लोपला आणि लांडगा होणाऱ्या माणसाच्या, म्हणजे ‘वेअरवुल्फ’च्या, नावासारख्या मोजक्या शब्दांत उरला, त्याची रिकामी जागा ‘मॅन’ने घेतली. या ‘मॅन’चे नाते संस्कृतातल्या ‘मनु’शी जोडले जाते. ‘ह्यूमन’ लॅटिनमधून आलेला, त्यामुळे तो या घरातला नव्हेच.

आडनाव एक आणि कुळे वेगळी, असा हा प्रकार आहे. देवनागरीत मॅन, वूमन, मँगो असे लिहिले की सारखेपणा बराचसा पुसला जातो. रोमन लिपीत तो डोळ्यांत भरतो.

‘मँगो’ तर आपल्याच बाजूचा. तमिळ ‘मांगाय’, मल्याळम ‘मांङ्ङ’ अशा दक्षिणी नावांतून पोर्तुगिजांनी ‘मांगा’ घेतला आणि तो इंग्रजीत ‘मँगो’ झाला. पोर्तुगीज भाषेत सदऱ्याच्या बाहीलाही ‘मांगा’च म्हणतात, पण ती बाही लॅटिन ‘मानुस’मधून, म्हणजे हातातून, आलेली आहे. आंबा आणि बाही यांचे स्पेलिंग एकच, उच्चार एकच, आणि दोघांची ओळखदेख नाही.

भाचीच्या यादीतला शेवटचा शब्द होता ‘मँडरिन’. संस्कृत ‘मन्त्रिन्’, म्हणजे आपला मंत्री, मलय भाषेत ‘मन्तरी’ झाला. तो पोर्तुगिजांच्या कानी पडला तेव्हा त्यांना आपल्या ‘मांदार’ची, म्हणजे हुकूम देण्याची, आठवण झाली असावी, कारण त्यांनी त्याचा ‘मांदारिं’ करून तो चिनी अधिकाऱ्यांना लावला. पुढे त्या अधिकाऱ्यांच्या भाषेलाही इंग्रजीत तेच नाव मिळाले. आणि हे ‘मांदार’ ज्या लॅटिन क्रियापदापासून आले, त्याची फोड ‘हाती देणे’ अशी केली जाते.

आता वहीत माणसाचे शब्द लाल, हाताचे हिरवे आणि आपल्याकडून गेलेले निळे आहेत. मँडरिनभोवती कोणता गोल करायचा, यावर मामा-भाचीचे अजून एकमत झालेले नाही.