बोटं पाच नंबरची, चवडा साडेसहाचा

रनिंग शूज विकायचं काम करताना काळी पडलेली नखं इतकी बघायला मिळतात की आता त्याचं काही वाटत नाही, बहुतेक वेळा बूट अर्धा-एक नंबर मोठा दिला की प्रकरण मिटतं. पण त्या दिवशी ज्या ताई आल्या त्यांची नखं एकदम ठणठणीत, बुटात पुढे अंगठाभर जागा, नंबर बरोबर, आणि तरी पळायला लागल्यावर तीन-चार किलोमीटर झाले की तिसरं आणि चौथं बोट बधिर. आधी मुंग्या, मग काहीच कळत नाही, थांबून बूट काढावा लागतो.

ताई पन्नाशीच्या आसपास, पहिल्या हाफ मॅरेथॉनची तयारी चाललेली, म्हणजे २१.१ किलोमीटर. सोबत मुलगा, कॉलेजमधला, आणि खरं सांगायचं तर केस त्याचीच होती, ताई नुसत्या पाय घेऊन आल्या होत्या. त्याने सगळा अभ्यास केलेला. आईचा ओला पाय फरशीवर उमटवून बघितलेला, अख्खा तळवा उमटला म्हणजे फ्लॅट फूट, फ्लॅट फूट म्हणजे ओव्हरप्रोनेशन, पळताना पाय आतल्या बाजूला जास्त कलणं, म्हणजे ते कलणं रोखणारे स्टॅबिलिटी शूज, ते घेऊन झाले, तरी बधिर, म्हणून आतमधे तळव्याच्या कमानीला आधार देणारा वेगळा इनसोल टाकला, तर आता जास्तच बधिर. मग पुढचा निष्कर्ष काय, तर कुशनिंग कमी पडतंय. "ते प्लेटवाले दाखवा ना, कार्बनचे," तो म्हणाला, म्हणजे सोलच्या आत कार्बनची कडक पट्टी असलेले.

म्हणलं दाखवतो, आधी जुने बघू दे.

एक प्रश्न मात्र लगेच विचारला, की ताई, बूट काढल्यावर किती वेळात बरं वाटतं? म्हणाल्या पाच मिनिटात. आणि घरात, चपलेत, अनवाणी? "छे, तेव्हा काही नाही." हे ऐकून जीवात जीव आला, कारण बूट नसताना पण बधिरपणा राहतो किंवा करंट लागल्यासारखी कळ येते असं कोणी सांगितलं तर मी बूट दाखवत बसत नाही, सरळ डॉक्टरकडे जा म्हणतो. इथे बूट घातला की चालू आणि काढला की बंद, म्हणजे पायाच्या आधी बुटाची चौकशी. दोन बोटांच्या मधून जी नस जाते ती चवड्यापाशी हाडांच्या मधे असते, तिथे दोन्ही बाजूंनी दाबलं की बोटं झोपतात. खाली कितीही मऊ फोम लावा, बाजूने दाबलं जात असेल तर तो काय करणार.

जुना बूट हातात घेतला. करंगळीच्या बाजूला वरचं जाळीदार कापड फुगून पातळ झालेलं, एका ठिकाणी धागे सुटायला आलेले. सोल बाहेरच्या बाजूने टाचेला घासलेला, तो बहुतेकांचा तसाच घासतो, त्यावरून लोक काय काय भविष्य सांगतात ते सोडा. मग आतली गादी बाहेर काढली, ती जमिनीवर ठेवली आणि ताईंना म्हणलं यावर उभ्या रहा, टाच मागे नीट टेकवून. हे कोणीही घरी करून बघू शकतं आणि माझ्या मते ओल्या पायाच्या ठशापेक्षा शंभर पटीने कामाचं आहे. तर पुढे अंगठ्यासमोर जागा छान होती, पण चवडा दोन्ही बाजूंनी गादीच्या बाहेर आलेला, आणि महत्त्वाचं म्हणजे गादी जिथे सगळ्यात रुंद होती त्याच्या बराच पुढे पायाचा रुंद भाग होता. म्हणजे बूट जिथे निमुळता व्हायला लागतो नेमका तिथे ताईंचा चवडा अडकत होता.

मुलगा खाली वाकून बघायला लागला. म्हणाला, "पण लांबी तर बरोबर आहे की."

मग लोखंडी माप काढलं, ब्रॅनॉक डिव्हाइस. चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या अमेरिकन माणसाने १९२० च्या दशकात बनवलेलं, वडील बुटाच्याच धंद्यात होते, आणि शंभर वर्षं होत आली तरी त्यात फारसं काही बदलावं लागलेलं नाही. बरेच जण, अगदी धंद्यातले सुद्धा, त्यावर फक्त बोटाच्या टोकाचा आकडा वाचतात आणि उठतात. पण बाजूला एक सरकणारा काटा असतो, तो अंगठ्याच्या मुळाशी जे हाड बाहेर येतं तिथे नेऊन टेकवायचा, तो सांगतो टाचेपासून चवड्यापर्यंतची लांबी. दोन आकडे वेगळे आले तर मोठा धरायचा. कारण बूट एका ठरलेल्या जागी वाकतो आणि पाय चवड्यावर वाकतो, या दोन जागा एकमेकांवर आल्या पाहिजेत.

ताईंना पूर्ण वजन टाकून उभं केलं. बोटाचा आकडा पाच. काटा सरकवला, साडेसहा. मला वाटलं टाच हलली असेल, परत मोजलं, साडेसहा. दुसरा पाय पण तसाच, जरा जास्तच. यूकेच्या मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलीमीटर, तर दीड नंबर म्हणजे जवळपास पावणेतेरा मिलीमीटरचा फरक. अर्धा नंबर इकडे तिकडे रोज बघतो, दीड बघून मी बाजूच्या काउंटरवरच्याला हाक मारली, ये बघ म्हणलं. लांब तळवा, आखूड बोटं. बोटं आखूड म्हणून अंगठाभर जागेची परीक्षा दरवेळी पास व्हायची आणि कोणाला संशयच यायचा नाही.

आणि तो जास्तीचा इनसोल! त्याने पाय वर उचलला, म्हणजे बुटातली उरलीसुरली जागा पण खाल्ली. आजार बरा करायला आणलेलं औषधच भोवत होतं.

मुलाला फ्लॅट फूट काही सोडवत नव्हतं, आणि त्याचा दोष नाही, वर्षानुवर्षं दुकानांनी हेच सांगितलंय. त्याला सांगितलं की अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीनमधे नव्या भरतीवर हे तपासलेलं आहे, २००९-१० च्या सुमाराला ते निष्कर्ष छापून आले. अर्ध्यांना तळव्याच्या कमानीप्रमाणे बूट दिले, उरलेल्यांना कमान न बघता सरसकट एकाच प्रकारचे, आणि दुखापतीत म्हणावा असा फरक पडला नाही. आता पायाला काय बरं वाटतं यावर जास्त भर असतो, बेन्नो निग नावाच्या संशोधकाने २०१५ मधे हेच मांडलं, आणि आम्ही रोज काउंटरवर बघतो ते त्याच्याशी जुळतं. तो म्हणाला मग मोजायचंच कशाला. चांगला प्रश्न होता. म्हणलं अरे, पाय बसला तरच बरं वाटेल ना, माप म्हणजे कुठून सुरुवात करायची एवढंच.

कार्बनवाले पण काढून दाखवले, शब्द दिला होता. पण ते शर्यतीचे बूट, पुढून बहुतेक अरुंदच असतात, आणि प्लेट कडक असते, सोलचा पुढचा, वर वळलेला गोलाकार भाग जिथून सुरू होतो तिथे चवडा आला नाही तर सगळं गणितच हुकतं. या पायाला तर नकोच.

आता खरी अडचण. लेडीजमधे साडेसहा काढला, लांबी जमली पण चवड्याला तरी घट्ट. बायकांच्या बुटाची स्टँडर्ड रुंदी बी धरतात, पुरुषांची डी, म्हणजे जास्त. म्हणून मी जेन्ट्सच्या रॅककडे गेलो. नंबर एकच लिहिला असला तरी कंपनीगणिक लांबी बदलते, म्हणून जिभेवरच्या लेबलचा सेंटीमीटरचा आकडा जुळवून एक साधा, मधल्या कुशनिंगचा जोड आणला, प्लेट नाही, स्टॅबिलिटी नाही, काही नाही. रंग करडा.

"आई, जेन्ट्स आहेत ते," मुलगा हळूच म्हणाला.

ताई ट्रेडमिलवर चढल्या होत्या. "मला बोटं हलवता येतायत," त्या म्हणाल्या, आणि मग बुटाच्या आत बोटं हलवतायत हे आम्हाला दिसावं म्हणून पाय पुढे केला. जाळीतून खरंच दिसत होतं.

दोन मिनिटं पळून काही सिद्ध होत नाही हे मी स्पष्ट सांगितलं, त्रास चौथ्या किलोमीटरला येतो तर पाचव्यापर्यंत पळून बघा, घरात किंवा ट्रेडमिलवर, सोल खराब न करता, नाही जमलं तर परत आणा. लेसची खालची दोन भोकं ढिली ठेवायला सांगितली, लोक वरून गाठ आवळतात आणि खालचा भाग पहिल्या दिवशी होता तसाच वर्षभर राहतो.

काही आठवड्यांनी त्या परत आल्या, एकट्या. बोटांचा त्रास गेलेला, पंधरा किलोमीटर करून आलेल्या. पण टाचेला फोड. ते होणारच होतं थोडं, जेन्ट्सचा बूट टाचेला पण रुंद असतो आणि मागून पाय उचलतो. सगळ्यात वर जे एक जास्तीचं भोक असतं, जे कोणी वापरत नाही, त्यातून लेस घालून दोन्ही बाजूला छोटे फास केले, समोरची लेस त्या फासातून ओढली, टाच बसली. हे दोन-तीन वेळा त्यांच्याकडूनच करून घेतलं.

जाताना विचारलं की हाच जोड अजून एक घेऊन ठेवू का, संपला तर. एरवी मी असं साठवायला सांगत नाही, पडून पडून पण फोम आणि गोंद जुना होतो. पण कंपन्या दरवर्षी-दोन वर्षांनी त्याच नावाचं नवं व्हर्जन काढतात आणि कधी कधी ज्या साच्यावर बूट बनतो तो साचाच बदलतात, नाव तेच, बसायला वेगळाच. अशा पायाला परत शोधाशोध कोण करणार. म्हणलं घ्या, आणि नवं व्हर्जन आलं की नावावर जाऊ नका, मापाला या.

दुसरा जोड पण करडाच निघाला, निळा त्या नंबरमधे नव्हता.