शिट्ट्या किती झाल्या?

दुपारी ऑनलाइन मीटिंग चालू असताना कॅमेरा बंद करून मी कुकर लावला. बायको सकाळी बजावून गेली होती, ‘तीन शिट्ट्या, मग पाच मिनिटं बारीक.’ पहिली नीट ऐकली. दुसरी होतेय तोच साहेबांनी माझं नाव घेतलं. म्यूट काढून ‘हो सर, शुक्रवारपर्यंत नक्की’ म्हणालो. त्यानंतर जी वाजली ती तिसरी की चौथी, देव जाणे. माइक तसाच चालू राहिलेला. चॅटमध्ये कोणीतरी लिहिलं, ‘चार झाल्या. बंद करा.’

लहानपणी हे खातं माझ्याकडेच होतं. ‘शिट्ट्या मोज रे,’ म्हणून आई दारात भाजीवालीशी बोलत उभी राहायची. मेथीची जुडी उलटी करून देठ चाचपायची, आतून किडकी पानं ओढून काढायची, आठ आण्यांवरून हुज्जत घालायची, आणि मधेच समोरच्या काकूंच्या सुनेची चौकशी. मी पाढ्यांत बुडालेला. ‘किती झाल्या?’ असं विचारलं की मी आपलं ठोकून द्यायचो, ‘तीन.’ पाठ न वळवता आई म्हणायची, ‘खोटं बोलू नकोस. दोनच झाल्यात.’

तेलुगू मुलुखात अष्टावधानाचे प्रयोग रंगतात. अवधानी मधोमध, भोवती आठ पृच्छक. कोणी समस्या देऊन श्लोक पुरा करायला सांगतो, कोणी ऐन श्लोकात अक्षरांवर बंदी घालतो, एक जण तर केवळ वाट चुकवायला भलभलतं विचारतो; त्याला ‘अप्रस्तुतप्रसंग’ म्हणतात. (आमचे साहेब!) आणि एक जण मधूनच घंटा वाजवतो. शेवटी ठोके किती पडले तेही सांगायचं. वाचलं तेव्हा मला आमचा कुकरच आठवला.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात २०० जणांना गाडीच्या सिम्युलेटरवर बसवून फोनवर शब्द लक्षात ठेवायला आणि गणितं सोडवायला लावली होती. २०१० साली निकाल छापून आला. दोन्हींत काहीही न बिघडलेले निघाले पाच. आईला नेलं असतं तर सहा झाले असते, असं मी बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत होतो.

या दिवाळीत सांगलीला गेलो. ओट्यावर काडेपेटीतल्या दोन काड्या शेजारी शेजारी ठेवलेल्या. उचलून पेटीत टाकणार तेवढ्यात आई ओरडली, ‘हात लावू नकोस! शिट्ट्या आहेत त्या.’

‘तू आणि काड्या? तू तर दारातून मोजायचीस.’

‘मोजत कोण होतं? डाळ शिजत आली की वास बदलतो. त्यावरून कळायचं.’

‘मग आता?’

तेवढ्यात कुकर वाजला. आईने तिसरी काडी ठेवली, गॅस बारीक केला.

‘वास येत नाही रे हल्ली,’ म्हणाली.