सिडनीला लेकीकडे जाताय? मग या गॅलऱ्या बघूनच परत या

२०२४ च्या मार्चमध्ये मी लेकीकडे सिडनीला गेले आणि मे संपता संपता परतले. लेक-जावई सकाळी साडेसातला कामावर, नातू शाळेत. वेंटवर्थविल या उपनगरातल्या त्या शांत रस्त्यावर दुपारी तीनपर्यंत चिटपाखरू दिसायचं नाही. माझ्यासारखे मुलांकडे आलेले आईवडील तिथे पुष्कळ आहेत. संध्याकाळी बागेत भेटले की बहुतेकांचं म्हणणं एकच असायचं: शनिवार-रविवारी मुलं नेतील तेव्हाच बाहेर. मी सातारा जिल्ह्यात तीस वर्षं चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवली. चित्रं बघायला कुणी नेईल याची वाट बघणं मला जमेना. दुसऱ्या आठवड्यापासून मी एकटी ट्रेनने जाऊ लागले. बागेतल्या त्या सगळ्यांसाठी, आणि यापुढे जाणाऱ्यांसाठी, हे सविस्तर लिहिते आहे.

आधी जायचं कसं ते. वेगळं कार्ड काढायची गरज नाही, बँकेचं कार्डही चालतं. मात्र स्टेशनात शिरताना जे कार्ड टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवायचं. आपल्यासारख्या पाहुण्यांना तिथली ज्येष्ठांची सवलत मिळत नाही, म्हणून सकाळी दहानंतर निघावं, तेव्हा भाडं कमी पडतं आणि डबाही रिकामा असतो. सेंट्रलला उतरून सिटी सर्कलची गाडी धरायची आणि सेंट जेम्सला उतरायचं. तिथून डोमेन नावाचं मोठं हिरवं मैदान ओलांडलं की दहा-बारा मिनिटांत आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्स येते. प्रवेश फुकट. मोठी पिशवी क्लोकरूममध्ये ठेवावी लागते, लहान पर्स आणि स्केचबुक जवळ राहू शकतं. चित्र काढायचं असेल तर पेन्सिलच न्या.

प्रवेश फुकट असण्याचा खरा फायदा मला तिसऱ्या खेपेला कळला. तिकीट काढलं की माणूस पैसे वसूल करायला सगळी दालनं पालथी घालतो आणि संध्याकाळी डोक्यात काहीच उरत नाही. मी त्या गॅलरीत नऊदा गेले. एका खेपेला एक दालन, कधी एकच काम. समोरच्या बाकावर अर्धा तास बसायचं, पेन्सिलीने दोन रेघा ओढायच्या, कॉफी प्यायची आणि तीनच्या आत परत. तुम्हीही असंच करा, हा माझा पहिला आणि सगळ्यात कळकळीचा सल्ला.

तिथे इमारती दोन आहेत. जुनी खांबांची, आणि साना या जपानी वास्तुरचना संस्थेने आखलेली नवी, डिसेंबर २०२२ मध्ये उघडलेली. नवीला आता नाला बादू म्हणतात. मराठी कानाला ‘नाला’ वेगळाच वाटतो, पण सिडनीच्या मूळ भाषेत नाला म्हणजे पाहणं आणि बादू म्हणजे पाणी. गच्चीवर उभं राहिलं की समोर खाडीचं पाणी दिसतं, आणि तिथेच यायोई कुसामा या जपानी कलावतीची ठिपक्याठिपक्यांची भली मोठी फुलं आहेत.

आत शिरताच पहिलं दालन यिरिबाना, मूळ रहिवाशांच्या कलेचं. हे दालन १९९४ मध्ये सुरू झालं तेव्हा जुन्या इमारतीच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर होतं. नवी इमारत झाली तेव्हा ते दारात आणलं. तळघरापासून दारापर्यंत यायला अठ्ठावीस वर्षं लागली. तिथे लोरेन कॉनेली-नॉर्दी या विराजुरी जमातीच्या कलावतीने गंजलेले पत्रे आणि तारा यांच्या पिशव्या करून भिंतभर मांडल्या आहेत. तिच्या पूर्वजांच्या बायका दोऱ्याच्या पिशव्या विणत, त्यांचे आकार तिने शेतकऱ्यांनी टाकून दिलेल्या भंगारातून उभे केले. काटेरी तारेची पिशवी जवळून बघा. ज्या तारेने त्यांच्या जमिनीवर कुंपण पडलं, तीच तार तिने पिशवीचा बंद म्हणून वापरली आहे असं मला बघताना वाटलं, आणि मी तिथून बराच वेळ हलले नाही.

वाळवंटातल्या ठिपक्यांच्या चित्रांपुढे मी सर्वांत जास्त वेळ घालवला, त्याला एक कारण आहे. १९७१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला मूळ रहिवाशांच्या पापुन्या नावाच्या वस्तीतल्या शाळेत जेफ्री बार्डन नावाचा कलाशिक्षक आला. वस्तीतले जाणते पुरुष वाळूवर आणि अंगावर जी चिन्हं काढत, ती शाळेच्या भिंतीवर काढायला त्याने उत्तेजन दिलं. मधमुंग्यांच्या कथेचं भित्तिचित्र झालं. मग लोक मिळेल त्या फळीवर रंगवू लागले आणि १९७२ मध्ये त्यांची स्वतःची संस्था उभी राहिली, पापुन्या टुला. ते पहिलं भित्तिचित्र पुढे रंग मारून पुसलं गेलं. शाळेच्या भिंतीवर मुलांकडून चित्रं काढून घेतलेल्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांवर चुना फिरलेला पाहिलेल्या माझ्यासारखीला हे वाचून कसं झालं असेल!

साधारण त्याच काळात आपल्याकडे चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागातल्या वारली पाड्यांवर कागद घेऊन जात होते, आणि लग्नाच्या वेळी बायकांनी भिंतीवर रेखायची चौकाची चित्रं जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून कागदावर उतरत होती. दोन खंड, एकमेकांची ओळख नाही, आणि तांदळाच्या पिठाचे ठिपके नि गेरूचे ठिपके एकाच दशकात भिंतीवरून सुटून जगात गेले. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड आर्ट गॅलरीत १९९३ पासून आशिया-पॅसिफिक ट्रायेनियल हे दर तीन वर्षांनी होणारं मोठं कलाप्रदर्शन भरतं, त्यात २०१५ मध्ये ‘कल्पवृक्ष’ नावाने वारली, गोंड, मिथिला ही चित्रं मांडली होती. मला ब्रिस्बेनला जाता आलं नाही. तुमची मुलं तिकडे असतील तर ट्रायेनियल कधी आहे ते पाहूनच तिकीट काढा.

एक सूचना इथेच करते. पर्यटकांच्या दुकानांत ठिपक्यांचे बूमरँग आणि कॉफीचे मग मिळतात. २०२२ मधल्या सरकारी उत्पादकता आयोगाच्या अहवालानुसार अशा वस्तूंवर खर्च होणाऱ्या पैशांपैकी निम्म्याहून जास्त पैसे नकली मालावर जातात. कलाकाराचं नाव काय, तो कुठल्या समाजाचा, त्याला पैसे पोचतात का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर नसेल तर घेऊ नका. गॅलरीच्या दुकानातलं पोस्टकार्ड त्यापेक्षा चांगलं.

आपल्या मुंबईच्या जितीश कल्लाटचं ‘पब्लिक नोटिस २’ हे कामही या गॅलरीच्या संग्रहात आहे. दांडीयात्रेच्या आदल्या दिवशीचं गांधीजींचं भाषण हाडांसारख्या ४,४७९ तुकड्यांनी अक्षर-अक्षर मांडलेलं. ते कायम मांडलेलं नसतं, म्हणून चौकशीच्या टेबलावर आधी विचारा.

बाकी सार्वजनिक ठिकाणं थोडक्यात सांगते. सर्क्युलर की स्टेशनासमोरचं म्युझियम ऑफ कंटेम्पररी आर्ट माझ्या वेळी फुकट होतं, २०२५ पासून प्रौढांना तिकीट लागतं. सिडनी बिएनाले हे मोठं कलाप्रदर्शन सम वर्षी मार्च ते जूनमध्ये भरतं आणि फुकट असतं. माझ्या वेळी ते व्हाइट बे या जुन्या वीजकेंद्रातही होतं. गंजलेल्या यंत्रांमध्ये ग्वाटेमालातल्या बायकांचे घराएवढे पतंग टांगले होते. सेंट्रलजवळ चिपेनडेलमध्ये व्हाइट रॅबिट आहे, एका बाईंच्या खासगी संग्रहाचं, पण सगळ्यांना फुकट. चार मजले, सगळं २००० नंतरचं चिनी काम. सोमवार-मंगळवार बंद असतं, आणि दोन प्रदर्शनांच्या मधेही बंद असतं. खाली चहा आणि डंपलिंग चांगले मिळतात.

आता विक्रीच्या गॅलऱ्या. त्यांची भीती घालवणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मीही एका दारासमोरून दोनदा परत फिरले होते. बंद काचेचं दार, आत पांढऱ्या भिंती, टेबलामागे एकच तरुण मुलगी. आपण काही विकत घेणार नाही, मग जायचं कसं? तिसऱ्यांदा ढकललं दार. ती मुलगी हसून ‘हॅलो’ म्हणाली आणि तिच्या कामाला लागली. पुढचा पाऊण तास मला कुणी काही विचारलं नाही. पॅडिंग्टनमध्ये सुडान लेन या अरुंद गल्लीत १९८२ पासूनची रॉझलिन ऑक्सली नाइन आहे, झेटलंडमध्ये सलिव्हन अँड स्ट्रम्फ आहे. श्रीलंकेत जन्मलेल्या रमेश मारिओ नित्येंद्रनची रंगीत, दातविचकी मातीची दैवतं मी आधी फोटोत पाहिली होती. आपल्या ग्रामदैवतांशी त्यांचं नातं लगेच ओळखू येतं. त्याचं नाव कुठेही दिसलं तर आत जा. पॅडिंग्टनसाठी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून जाणारी ३३३ नंबरची बस सोयीची. जायचं मंगळवार ते शनिवार. मी एकदा सोमवारी गेले आणि सगळी दारं बंद पाहून परत आले.

टेबलावरून यादीचा कागद मागून घ्या. त्यात कामाचं नाव, माध्यम आणि बहुतेक वेळा किंमत असते. लाल ठिपका म्हणजे विकलं गेलं. विक्रीतला चाळीस-पन्नास टक्के वाटा साधारणपणे गॅलरीचा असतो. तिथला २०१० पासूनचा एक कायदा मला फार आवडला: हजार डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीला काम बाजारात पुन्हा विकलं गेलं तर पाच टक्के रक्कम कलाकाराला मिळते. आपल्या जहांगीरमध्ये चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो, त्याला ‘हा निळा कसा आणलात’ असं विचारता येतं. ते सुख तिथे उद्घाटनाच्या संध्याकाळीच मिळतं. त्याला आमंत्रण लागत नाही. वेळ गॅलरीच्या संकेतस्थळावर असते.

मेलबर्नला आम्ही मार्चअखेर तीन दिवस गेलो. सेंट किल्डा रोडवरच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाच्या दारात काचेवरून पाणी वाहत असतं, आणि आत मोठ्या सभागृहात लोक गालिच्यावर उताणे पडून लेनर्ड फ्रेंचचं रंगीत काचेचं छत बघतात. तुम्हीही खुशाल पडा. मध्य शहरात ट्राम फुकट आहे, पण ती हद्द गॅलरीपर्यंत पोचत नाही. फेडरेशन स्क्वेअरला उतरून पूल चालत ओलांडा. तिथे तेव्हा ट्रायेनियल चालू होतं, दर तीन वर्षांनी डिसेंबरपासून असतं, तेही फुकट. त्यात योको ओनो या कलावतीच्या कामात प्रत्येकाने आपल्या आईविषयी चिठ्ठी लिहून लावायची होती. माझ्या आईला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. मी मराठीतच लिहिलं.

शेवटचं सिडनीच्या टाकीचं. तिथल्या आर्ट गॅलरीच्या नव्या इमारतीखाली दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या तेलासाठी बांधलेली टाकी आहे. सव्वाशे खांब, सात मीटर उंची. पांढऱ्या गोल जिन्याने उतरायचं, गुडघे दुखत असतील तर लिफ्ट आहे. डोळे सरावायला पाच मिनिटं द्या, आणि बोलू नका, कारण खोकलासुद्धा बराच वेळ घुमत राहतो. तेव्हा तिथे लुईझ बुर्ज्वा या शिल्पकर्तीची शिल्पं होती, आणि बाहेर जुन्या इमारतीपुढे तिची कोळी किड्याची नऊ मीटरहून उंच मादी, ‘मामाँ’, पोटाखाली संगमरवरी अंडी सांभाळत उभी होती. टाकीत आता दुसरी प्रदर्शनं येतात, मधे बंदही असते, चौकशी करून जा.

बुधवारी ही गॅलरी रात्री दहापर्यंत उघडी असते. नोकरी करणाऱ्या मुलांना तोच दिवस सोयीचा. २४ एप्रिलच्या बुधवारी, दुसऱ्या दिवशी अँझॅक डेची सुट्टी होती म्हणून, लेक ऑफिसातून परस्पर सेंट जेम्सला आली. सहा वर्षं त्या शहरात राहून ती टाकीत कधी उतरली नव्हती. मैदान ओलांडताना तिने विचारलं, ‘आई, रस्ता माहितेय ना तुला?’ मी पुढे चालत होते.