माइक माझ्याच हातात होता

साडेअकरा वाजून गेले. झोप येत नाहीये.

आज लायब्ररीत पाहुणे लेखक आले होते, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची चरित्रं लिहिणारे. माझ्याकडे नेहमीचं माइकचं काम. व्याख्यान संपलं की रांगांमधून फिरायचं आणि ज्याचा हात वर होईल त्याच्यापुढे माइक धरायचा. सहा जणांपुढे धरला. एका आजोबांनी प्रश्न न विचारता स्वतःचंच मत सांगितलं, तेही अगदी सावकाश. सातवा हात माझा असणार होता. तेवढ्यात वेळ संपल्याची खूण झाली.

बोलता बोलता मार्था वॉशिंग्टनचा, पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या बायकोचा, विषय निघाला होता. १८०२ मध्ये ती गेली, आणि त्याआधी नवऱ्याची आणि आपली पत्रं तिने जाळून टाकली. चाळीस वर्षांचा संसार, पण त्या दोघांची एकमेकांना लिहिलेली पत्रं आज बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली दोन जून १७७५ मधली आहेत. सैन्याचं नेतृत्व अंगावर आलं तेव्हा जॉर्जने फिलाडेल्फियाहून लिहिलेली. ती एका टेबलाच्या खणात राहून गेली आणि पुढे नातीच्या हाती लागली, असं सांगतात. लेखकांनी हे सगळं छान रंगवून सांगितलं, आणि मग चष्मा पुसत म्हणाले, "तेवढं एक तिला स्वतःपाशी ठेवायचं होतं." लोकांनी माना डोलावल्या. त्यांनी पान उलटलं.

मला विचारायचं होतं, तुम्हाला तिचा राग येत नाही का? त्या माणसाच्या मागे तुम्ही इतकी वर्षं घालवलीत आणि एका बाईने त्याचं घरातलं बोलणं चुलीत घातलं. येत असेल तर तो तुम्ही कुठे ठेवता? आणि येत नसेल तर का येत नाही?

एवढंच. माइक हातात होता, तोंडाजवळ न्यायचा होता फक्त. सगळ्यांचे प्रश्न मी पोचवायचे आणि माझा तसाच घरी आणायचा, हे काही आजचं नाही. मीटिंगमध्ये तेच, घरी तेच. तेव्हा दवाखान्यातसुद्धा डॉक्टरांशी दादाच बोलला.

सही घ्यायच्या रांगेत मी शेवटची होते. तिथे तरी विचारायला हवं होतं. त्यांनी नाव विचारलं, मी एकेक अक्षर सांगितलं, "आज खूप धावपळ झाली तुमची," असं ते मनापासून म्हणाले, आणि मी पुस्तक छातीशी धरून बाजूला झाले.

आता कायदा आहे. १९७८ चा. त्याआधी राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रं ही त्यांची खासगी मालमत्ता धरली जायची. चेस्टर आर्थर यांनी मरणाच्या तोंडाशी आपली जाळायला लावली. रेगन यांच्यापासून पुढचे सरकारी कागद मात्र जनतेचे. पण घरातल्या ट्रंकेला कुठला कायदा लागणार?

ती ट्रंक. नको, आत्ता नको.

मघापासून ॲबिगेल ॲडम्स आठवतेय, दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांची बायको. तिनेही जॉनला लिहिलं होतं की माझी पत्रं जाळून टाक. त्याने ऐकलं नाही. म्हणून त्या दोघांची अकराशेहून जास्त पत्रं आज आहेत, आणि आपण ती वाचतो, तिचं कौतुक करतो. तिचं न ऐकणाऱ्या नवऱ्याबद्दल कोणी वाईट बोलत नाही. मग सांगितलेलं ऐकणाऱ्याचं काय? आईने सांगितलं, मी ऐकलं. त्याच संध्याकाळी. दादा यायच्या आत.

म्हणजे राग मार्थाचा नव्हता. हे लिहिताना कळतंय. लेखकांनी मार्थाला रागवावं असं मला वाटत होतं, आणि ते रागावले नाहीत म्हणून मी अस्वस्थ झाले. कोणीतरी एकदा स्पष्ट बोलावं, म्हणजे मला रडता तरी येईल.

अब्राहम लिंकनच्या मुलाने, रॉबर्टने, वडिलांचे कागद जाळले नाहीत, पण आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षं ते उघडायचे नाहीत अशी अट घातली. तो १९२६ मध्ये गेला. २६ जुलै १९४७ च्या मध्यरात्री अभ्यासक त्या कागदांसाठी जमले होते. मोठं गुपित निघेल म्हणून सगळे आसुसलेले. निघाली ती बहुतेक लिंकनला लोकांनी लिहिलेली पत्रं, आणि गुपित असं काही नाहीच. ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या अभ्यासकांची दया आली होती. आज मुलाची येतेय. इतकी वर्षं कशाची राखण केली त्याने? पण केली. तो मुलगा होता, त्याला जे सुचलं ते त्याने केलं.

मीही मला सुचलं तेच केलं. आई बिछान्यावरून बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू निवत गेला. हे मी विसरले होते. तो चेहरा कुठल्याही पत्रात नव्हता.

सगळ्यांत वरचं एक पत्र मी वाचलं होतं. फक्त पहिलं पान. निळी शाई, आणि मायन्यात आईचं ते नाव, जे आम्ही कोणी कधी ऐकलं नव्हतं. दादाला ते माहीत नाही.

उद्या त्याला फोन करते. आधी ट्रंकेचं सांगेन, मग ते नाव.