केसपेपरवरची एक ओळ

मी एका खासगी रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे आरोग्य विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या टेबलावर, काम करते. कॅशलेसचे, म्हणजे बिल कंपनीनं थेट रुग्णालयाला द्यावं यासाठीचे, अर्ज विमा कंपनीला पाठवायचे, तिकडून आलेल्या क्वेरींना कागद जोडून उत्तरं द्यायची आणि कंपनीचा निर्णय नातेवाइकांना सांगायचा. या कामात मला सर्वात जास्त छळतो तो वेटिंग पिरियड, म्हणजे आधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळण्यासाठी पॉलिसी घेतल्यावर थांबावा लागणारा काळ.

त्या दिवशीचे पेशंट एक निवृत्त काका होते. रात्री छातीत कळ आली म्हणून शेजाऱ्यांनी इमर्जन्सीत आणलं आणि पहाटेपर्यंत अँजिओप्लास्टी झालीसुद्धा. सकाळी मी प्री-ऑथ, म्हणजे कॅशलेसच्या मंजुरीची विनंती, पाठवलं. कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यायचा असा आता नियम आहे, त्यामुळे नकारही झटपट आला: पेशंटला मधुमेह चार वर्षांपासून, पॉलिसी दीड वर्षाची, पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्ममध्ये आजाराचा उल्लेख नाही आणि आधीच्या आजारासाठीचे ३६ महिने पूर्ण नाहीत.

काकांची मुलगी तोवर परगावाहून पोचली होती. पत्र वाचून म्हणाली, "ताई, बाबांना शुगर आहे हे आम्हालाच गेल्या वर्षी कळलं. ही चार वर्षं आली कुठून?"

केसपेपर काढला. ड्यूटी डॉक्टरांच्या अक्षरात 'के/सी/ओ डीएम, ४ वर्षे' म्हणजे चार वर्षांपासून मधुमेह, असं स्पष्ट लिहिलेलं. काका वेदनेनं बोलू शकत नव्हते, त्यामुळे हिस्ट्री सांगितली शेजाऱ्यांनी. त्यांना फोन लावला तर ते बिचारे गोंधळले. "काकूंना चार वर्षं गोळ्या चालू आहेत ना? घाईत मी तेच सांगितलं असणार."

मुलीनं मग जवळजवळ प्रत्येक घर विचारतं तेच विचारलं. "डॉक्टरांना सांगून तेवढा आकडा बदलून घ्या ना." मी ठाम नाही म्हटलं. खोडलेला केसपेपर हा खोटा कागद होतो, आणि मग खऱ्या माणसाचा क्लेमही संशयात जातो. मूळ ओळ आहे तशीच राहणार. ती चुकीची आहे, हे दुसऱ्या कागदांनी सिद्ध करायचं.

इथे नियमाचे शब्द कामाला येतात. आजार शरीरात कधी सुरू झाला, हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि नियम ते विचारतही नाही. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी त्याचं निदान केलं असेल, किंवा त्यासाठी उपचार अथवा सल्ला दिला असेल, तर तो आधीचा आजार. एप्रिल २०२४पासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या नियामक संस्थेनं, हा मागचा काळ आणि वेटिंग पिरियडची कमाल मर्यादा, दोन्ही ४८ महिन्यांवरून ३६वर आणले. म्हणजे सगळं येऊन थांबतं पहिल्या निदानाच्या तारखेवर.

ती तारीख शोधायला मुलगी घरी गेली आणि फाइल घेऊन आली. नोकरीतल्या वार्षिक तपासण्यांचे रिपोर्ट होते. निवृत्तीपर्यंत उपाशीपोटीची साखर नॉर्मल. पॉलिसी घेतल्यानंतर काही महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) वाढलेलं आलं, त्याच आठवड्यातलं फॅमिली डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचं पहिलं बिल. औषधाची बिलं जपून ठेवणाऱ्या काकूंना मी मनोमन नमस्कार केला.

आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी सगळे कागद वाचले, काकांशी स्वतः बोलले आणि त्या दिवसाच्या तारखेनं सही-शिक्क्याचं स्पष्टीकरण लिहून दिलं: दाखल करतानाची हिस्ट्री शेजाऱ्यांनी सांगितलेली होती आणि उपलब्ध रिपोर्टनुसार निदान पॉलिसीनंतरचं आहे. फेरविचारासाठी सगळं पाठवलं. दुसऱ्या दिवशी, डिस्चार्जच्या आधी, मंजुरी आली.

नसती आली तर मी तिला कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि तिथूनही दाद न मिळाल्यास विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे पाठवणार होते. लोकपालाकडे तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही. तरी कितीतरी लोक पहिला नकार हाच शेवटचा समजून दागिने गहाण टाकायला निघतात. ते पाहून फार वाईट वाटतं.

हेही सांगायला हवं की काकांना आजार आधीपासून माहीत असता आणि त्यांनी तो लपवला असता, तर यातला एकही कागद कामाला आला नसता. पाच वर्षं सलग पॉलिसी चालल्यावर, फसवणूक वगळता, कंपनीला माहिती लपवल्याचं कारण काढता येत नाही. पण त्या भरवशावर फॉर्ममध्ये 'नाही' लिहिणं म्हणजे पाच वर्षं घरच्यांना टांगणीला लावणं.

निघताना मुलगी अजून रागात होती. कंपनीच बदलायची म्हणाली. मी तिला पोर्टेबिलिटी, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची सोय, समजावली: रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करायचा, आतापर्यंत पूर्ण झालेला वेटिंग पिरियड सोबत येतो, पण जुन्या विमा रकमेपुरताच, वाढवलेल्या रकमेसाठी नव्यानं मोजणी होते. नव्या फॉर्ममध्ये मधुमेह आणि अँजिओप्लास्टी दोन्ही लिहायचं. आणि नवी कंपनी अर्ज नाकारू शकते, म्हणून तिचा लेखी होकार हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी अजिबात सोडायची नाही.