गुडघे, काळी माती आणि चाकांवरची खोली

फिरायला गेल्यावर तंबूत झोपायचं सोडून चाकांवरची खोली बघायची, असं आमच्या घरात ठरलं ते गुडघ्यांमुळे. रात्री दोनला चेन उघडून रांगत बाहेर यायचं, चपला चाचपडायच्या, बॅटरीच्या उजेडात आडोसा शोधायचा आणि परत रांगत आत. तिशीत याची गंमत वाटायची, पन्नाशीनंतर वाटत नाही. अहोंचं म्हणणं, गाडीच्या टपावर बसणारा तंबू घेऊ. मी शिडीकडे बोट दाखवलं. "रात्री दोनला ही उतरून दाखवा, मग बोलू." तो विषय तिथंच मिटला.

तंबूवर राग नाही. भिगवणच्या बाजूला उजनीच्या काठावर पहाटे रोहित पक्ष्यांचा गलका तंबूतूनच ऐकलाय. पण सोलापूरच्या आसपास तंबू ठोकणं म्हणजे जमिनीशी भांडण. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, खुंटी बोटानं उपसता येते. माळावरच्या मुरमात तीच खुंटी वाकते. आणि बाभळीचा काटा तंबूचं बूड शोधून काढतोच.

मग शोध सुरू झाला. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली मोठी कॅराव्हॅन पुण्यात जाऊन पाहिली. आत ताठ उभं राहता येतं, संडास, बेसिन, शेगडी, सगळं जागच्या जागी. मला आवडली, खोटं कशाला बोलू. पण जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत ती उभी केली, तर दूधवाल्याला वळसा घालून यावं लागेल. शिवाय वर्षातले बरेचसे महिने एक इंजिन, एक बॅटरी आणि सहा टायर नुसते उभे राहून म्हातारे होणार. दुसरा पर्याय मारुतीच्या ईको व्हॅनमध्ये पलंग आणि कपाटं बसवून घेण्याचा. तिथं कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत मनाला येईल तसा करता येत नाही. उचलून बाहेर काढता येईल असं सामान ठेवलं तर गोष्ट वेगळी, पण मग दर वेळी ते चढवा-उतरवा. आणि ईकोत उभं राहणं विसरायचं.

उरला ट्रेलर. गाडीच्या मागे जोडायचा, मुक्कामाला सोडून ठेवायचा आणि गाडी घेऊन गावात भाजी आणायला मोकळं. नातेवाइकांत बातमी फुटली तसा प्रत्येकाचा एकच सल्ला, "ट्रॉलीवाल्याकडनं करून घ्या की." आमच्या जिल्ह्यात ट्रॅक्टरची ट्रॉली बनवणारे पावलोपावली आहेत आणि वेल्डिंगमध्ये त्यांचा हात धरणारा नाही. पण ट्रेलर हे कायद्यानं वेगळं वाहन. त्याची नोंदणी वेगळी, नंबर प्लेट वेगळी, विमा वेगळा. नोंदणी व्हायची तर ते मॉडेल मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून आधी मंजूर झालेलं लागतं, पुण्याची एआरएआय ही त्यातलीच. म्हणून ठरवलं, मंजुरीचे कागद दाखवील त्याच्याकडूनच घ्यायचा, आणि त्याआधी तसाच एक भाड्यानं आणून वापरून बघायचा.

जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरली आणि पुण्याजवळच्या एकाकडून आणलेला ट्रेलर आमच्या दारात उभा राहिला. आत दोघांचा पलंग, मागचा दरवाजा वर उचलला की ओटा, सामानासकट वजन साडेसहाशे किलो. मार्ग घरचाच निवडला, सोलापूर, नळदुर्ग, तुळजापूर, सोलापूर. वाटेत मामांचं शेत आणि हुरडा.

निघण्याआधी एक काम केलं, ते नव्यानं ट्रेलर ओढणाऱ्या प्रत्येकानं करावं. ट्रेलरचं नाक, म्हणजे जो दांडा गाडीच्या हुकावर बसतो तो, गाडीवर किती भार टाकतो ते मोजायचं. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हवा, आमच्या हिशेबात ६५ ते ९७ किलो. त्याहून कमी असेल तर मागचा भाग जड होतो आणि वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो. अहो रोज सकाळी ज्या काट्यावर उभे राहून सुस्कारा टाकतात तोच आणला, वर फळी, फळीवर ठोकळा, ठोकळ्यावर दांडा. काटा ४८ वर थांबला. पाण्याचे कॅन मागे ओट्याखाली होते. ते आणि पाच किलोचा सिलिंडर पुढे घेतला, तेव्हा ७१ झाले. शेजारचे काका फाटकापाशी उभे राहून सगळं बघत होते. "वजन वाढलं की हो," एवढंच म्हणाले.

हैदराबाद रस्ता चौपदरी, बोरामणी, इटकळ भराभर मागे पडलं. साठ-पासष्टच्या वर गाडी नेली नाही. ट्रक ओलांडून जाताना हवेचा एक धक्का बसतो, तेवढा सोडला तर मागे काही जोडलंय हे विसरायला होतं. नळदुर्गात किल्ल्याच्या पायथ्याला ट्रेलर लावून आत फिरून आलो. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल काढलाय, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात, डोक्यावरून पाणी जातं आणि आत माणूस कोरडा. जानेवारीत सांडवे सुके होते. मी त्या खिडकीत बसून थर्मासमधला चहा प्यायले आणि मनात म्हटलं, चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला गळती थांबवता आली, आणि आमच्या तंबूची शिवण दर पावसाळ्यात पाझरायची.

मामांच्या शेतावर पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. खरी परीक्षा इथं. बांधाच्या कडेनं गाडीवाट, एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला ज्वारी. आदल्या रात्री शेतीची लाईट आली होती, म्हणून मामांनी उसाला पाणी सोडलेलं. पाणी वाटेच्या कडेपर्यंत पाझरलं होतं, आणि वरून माती कोरडीच दिसत होती. गाडी निघून गेली, ट्रेलरचं डावं चाक बसलं. काळी माती ओली झाली की चाकाला असा थर चढतो की टायरची नक्षीच दिसेनाशी होते, मग चाक फिरतं तसंच घसरतं. मी कडब्याची पेंढी उचलली. मामा ओरडले, "अगं, कडबा नको! पेंढीचा भाव माहितीय का? पाचट घे पाचट." मग पाण्याचे कॅन उतरवले, ट्रेलर गाडीपासून सोडला, चाकापुढे उसाचं पाचट अंथरलं आणि मामा, अहो, दोन गडी आणि मी अशा पाच जणांनी तो हातानं ढकलून मुरमाच्या खळ्यावर आणला. ट्रॅव्हलरवाली कॅराव्हॅन असती तर जेसीबी बोलवावा लागला असता.

माझं मत तिथंच पक्कं झालं. सगळे विचारतात, आत काय काय आहे. विचारायचं ते हे, की बाहेर काढायला किती माणसं लागतील. आपल्याकडे कॅराव्हॅन पर्यटनाचं सरकारी धोरण २०२१ मध्ये आलं, चांगलंच झालं. पण आमच्या वाटेत कॅराव्हॅन पार्क कधी लागलं नाही. आमची पार्कं म्हणजे पाहुण्यांची शेतं, देवळांची पटांगणं आणि ओळखीचे ढाबे. तिथली जमीन सांगेल तेवढंच वजन न्यायचं.

खळ्यावर ट्रेलर सरळ लावायला अहोंनी गाडी मागे घेतली, तर ट्रेलर वेगळ्याच दिशेला. स्टेअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, हे डोक्याला कळतं, हाताला नाही. त्यात आखूड ट्रेलर जास्तच चपळ, क्षणात काटकोनात दुमडतो. उसाच्या फडावरून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर घेऊन एक पोरगा चालला होता, तो थांबून तमाशा बघत होता. शेवटी खाली उतरला. "काका, स्टेरिंग वरनं नका धरू, खालनं धरा. ट्रेलरचं बूड जिकडं न्यायचं तिकडंच हात न्या. आन् दमानं." पुढच्याच वेळी जमलं. मग मीही केलं, आणि सांगायला हरकत नाही, अहोंपेक्षा बरं केलं.

संध्याकाळी आगटी पेटली. गुळभेंडी ज्वारीची कणसं भाजून, तळहातावर चोळून, गरम दाणे शेंगाचटणीसोबत. मामीनं वर दही वाढलं. रात्री ट्रेलरचं दार उघडून पलंगावर नुसतं बसायचं आणि पाय आत घ्यायचे, रांगणं नाही. सोलापुरी चादरी दोन अंगावर, एक दाराच्या फटीला. सकाळी तंबूचं कापड दवानं ओलं चिंब असायचं आणि वाळेपर्यंत दहा वाजायचे. इथं दार लावलं की निघालो.

आता संडासाबद्दल, कारण बायका मला फोन करून हळूच हेच विचारतात. डब्यासारखा सुटा संडास मिळतो, वरच्या टाकीत पाणी, खालच्या टाकीत मैला, मध्ये सरकणारी झडप. झडप लावलेली असली की वास येत नाही. भरला की खालची टाकी सुटी करून खऱ्या संडासात ओतायची. हे काम कुणाचं, ते लग्नासारखं आधी बोलून ठरवावं. आमच्याकडे अहोंचं ठरलं. या एका वस्तूसाठी मी बाकी अर्ध्या सोयी सोडून द्यायला तयार आहे.

फ्रीज आम्ही यादीतून काढला. कडक भाकरी, शेंगाचटणी, लोणचं आणि गावात मिळणारं ताजं दही असताना तो कशाला ओढत न्यायचा? एसीचा हिशेब मात्र कागदावर मांडला, कारण मुलाचा आग्रह होता. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण सव्वा युनिट वीज. लहान एसी तासाला एक युनिट खातो. म्हणजे तासाभरात बॅटरी झोपली, माणूस जागाच. टपावरचं २०० वॅटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसभरात जेमतेम युनिटभर देतं. त्याउलट छतातला छोटा पंखा रात्रभर चालून बॅटरी शिल्लक ठेवतो. सोलापूरच्या मे महिन्यात, चाळीसच्या वरच्या पाऱ्यात, पत्र्याच्या खोलीत झोपायचंच नसतं. तेव्हा महाबळेश्वरला जायचं, नाहीतर घरी कूलरसमोर बसायचं.

परतीला तुळजापुरात देवीचं दर्शन घेतलं आणि घाट उतरलो. उतारावर ट्रेलर मागून रेटतो ते पहिल्यांदा इथं कळलं. याला ओव्हररन ब्रेक होता, म्हणजे ट्रेलर पुढे रेटायला लागला की दांडा आत दबतो आणि त्याचे स्वतःचे ब्रेक लागतात. तरी अहोंनी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली. तामलवाडीच्या टोलनाक्यावर मागच्या गाडीतल्या पोरांनी उतरून फोटो काढले आणि आत वाकून बघून घेतलं.

आता ऑर्डर द्यायची आहे. रिकामं वजन पाचशेच्या आत, छत वर उचलता येईल असं, म्हणजे कपडे बदलताना मला ताठ उभं राहता येईल. चाकं आमच्या गाडीच्या, म्हणजे बोलेरोच्याच मापाची, म्हणजे स्टेपनी एकच पुरेल आणि उंचीही मिळेल. ओटा मागे बाहेरच, कारण आत फोडणी दिली तर उशा आठवडाभर वास मारतील. फाटक नऊ फुटांचं आहे, ट्रेलर साडेसहा, बसतो. अडलंय ते फक्त रंगावर. अहोंना मिलिटरीचा हिरवा हवा, शिकाऱ्यासारखा दिसतो म्हणे. मी परवा भर दुपारी त्यांना शेजारच्या हिरव्या जीपच्या बॉनेटवर हात ठेवायला लावला आणि मग आमच्या पांढऱ्या गाडीच्या. बनवणाऱ्याला शुक्रवारी पांढरा कळवतेय.