तुम्ही विचारलंत म्हणून: सोडलं का नाहीस?

१२ पैकी ११ मॅच हरलेल्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमला शेवटपर्यंत चिकटून का राहिलास? हे मामांनी विचारलंय, ऑफिसातल्या दोघातिघांनी विचारलंय, परवा तर दातांच्या डॉक्टरांनीही विचारलं, तेही माझ्या तोंडात ड्रिल असताना. तेव्हा सगळ्यांना मिळून एकदाच सांगतो.

निष्ठा वगैरे काही नव्हती. मी वॉक-ऑन होतो, म्हणजे स्कॉलरशिप नाही, फी बाबा भरत होते. ट्रान्सफरचे नियम २०२१ मध्ये सैल झाले होते. वर्षभर बाहेर न बसता कॉलेज बदलता येत होतं. आमच्यातले कितीतरी गेले. ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलायचंय अशा खेळाडूंच्या यादीत, नाव घालायचा ईमेल मीही लिहून ठेवला होता. तो का पाठवला नाही, हे सांगायचं तर आधी सातवी मॅच सांगावी लागेल.

मी लाँग स्नॅपर होतो. वाकायचं, पायांमधून बॉल मागे फेकायचा, संपलं. पंटला, म्हणजे बॉल लांब मारून समोरच्यांना देताना, साधारण १५ यार्ड; फील्ड गोलला, म्हणजे खांबांमधून किक मारून तीन गुण घेताना, सात-आठ. काम नीट झालं तर तुमचं नाव कुणाला कळत नाही, आणि मला तेच आवडायचं. (मी मैदानात कधी येतो नि कधी जातो, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही.)

तर सातवी मॅच. पाऊस. आम्ही २०-२१ असे मागे, घड्याळात तीन सेकंद, बॉल १४ यार्डांच्या रेषेवर. त्यात मागच्या एंड झोनचे १० आणि स्नॅपचे ७ मिळवले की ३१ यार्डांची किक. आमचा किकर ती झोपेतही मारायचा. समोरच्या कोचनं टाइमआउट घेतला, आम्हाला टांगून ठेवायला. तेवढ्या वेळात मी टॉवेलला हात पुसले. दोनदा. हे मला पक्कं आठवतं. होल्डरनं, म्हणजे बॉल झेलून किकरसाठी धरणाऱ्यानं, हात पुढे केला, मी बॉलच्या लेस चाचपल्या आणि सोडला.

बोटांतून सुटतानाच कळतं. मान खाली, पायांमधून मागचं सगळं उलटं दिसत होतं. होल्डर गुडघ्यावरून उसळला, बोटं लागली, बॉल मागे घरंगळला. किकर धावत जाऊन त्यावर पडला. वेळ संपली. स्नॅपरचं डोकं खाली असतं म्हणून स्नॅपनंतर एक सेकंद त्याला कुणी धडकायचं नाही, असा नियम आहे. त्या दिवशी तो सगळ्यांनी काटेकोर पाळला. कुणी धडकलं असतं तर बोट दाखवायला कुणीतरी मिळालं असतं.

बातमीत ‘बॅड स्नॅप’ एवढे दोन शब्द. नाव नाही. रविवारी मॅचची फिल्म बघताना कोचनी ती क्लिप एकदाच लावली, मधे थांबवलीसुद्धा नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. लॉकर रूममध्ये कुणीतरी म्हणालं, टेक्सासमधल्या प्रेअरी व्ह्यू ए अँड एम कॉलेजची टीम १९८९ ते १९९८ लागोपाठ ८० मॅच हरली होती, आपल्या अजून ७३ बाकी आहेत. मीही हसलो.

आधी मी सांगायचो, पाऊस होता. मग सांगायला लागलो, हरण्यातून माणूस घडतो. नोकरीच्या मुलाखतीत हे इतकं रंगवलं की नोकरी लागली. थाप होती ती. अकरा वेळा हरून मी एवढंच शिकलो की परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा आधी पकडावी. ईमेल पाठवला असता तर ‘त्या स्नॅपनंतर पळाला’ म्हणाले असते, हे खरं. आणि तसली फिल्म असलेला वॉक-ऑन स्नॅपर कुणाला हवा होता, हेही खरं. कुठलं जास्त खरं, ते दिवसागणिक बदलतं.

मामा म्हणतात, जिंकला असतात तर १-११ चं २-१० झालं असतं, काय फरक? कोचना तसंही काढलंच असतं. दिवसा पटतं मला ते.

गेल्या महिन्यात आमचा होल्डर भेटला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “बॉल माझ्या हातात आला होता, मीच सोडला.” म्हटलं, उगाच समजूत काढू नकोस. तो चिडला. क्लिप माझ्या फोनवर आहेच. दोघांनी चारदा पाहिली. बॉल उंच गेलेला दिसतो. त्याची बोटं लागलेलीही दिसतात, नुसती टोकं नाही, चांगली लागलेली. पाचव्यांदा लावणार तेवढ्यात त्यानं फोन काढून घेतला, पालथा ठेवला आणि म्हणाला, “पण तू सोडून का नाही गेलास रे?”